अण्णांच्या सीटखालची पिशवी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांच्या बरोबरीने मी एक नाव सांगेन : श्रीपाल अण्णा चौगुले. ते माझे नातेवाईक नव्हते आणि शिक्षकही नव्हते. कुपवाडमध्ये पंपाचे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ते फिटर होते आणि मी तिथेच हेल्पर होतो. आज मी साताऱ्यात सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून काम करतो, ते अण्णांमुळे. त्यांची शेजारीण शोभावहिनी यांचा फोन आला तेव्हाही मी त्याच खुर्चीवर होतो. "भरत, अण्णा गेलं रं. चहा प्यालं, खुर्चीत बसलं, ते बसलंच." एसटीने मी कुपवाडला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. अंगणात त्यांची निळी सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या सीटखाली ती जुनी खाकी पिशवी तशीच बांधलेली होती. "त्या हत्यारातलं तुलाच कळतंय, पिशवी तू घिऊन जा," असं वहिनी म्हणाल्या. मी पायरीवर बसून पिशवी उघडली. वरच प्लॅस्टिक चिकटवलेलं एक कार्ड होतं. त्यावर नाव, रक्तगट आणि खाली अण्णांच्या मोठ्या अक्षरात चार ओळी होत्या : 'मला वाटेत काही झाल्यास आधी माझे घर उघडा. माझी आक्का आत एकटी आहे. किल्ली याच पिशवीत आहे. मला दवाखान्यात नंतर न्या.'

त्या पिशवीतलं सगळं मला पाठ होतं. हे कार्ड मात्र मी कधी पाहिलं नव्हतं...

कारखान्यात लागलो तेव्हा मी नुकताच पदवीधर झालो होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील द्राक्षाच्या मळ्यात औषध मारायला आणि हंगामात बेदाण्याच्या शेडवर जायचे. पदवी घेऊन मी हेल्पर झालो याचं त्यांना वाईट वाटायचं, पण ते बोलायचे नाहीत. तासगावजवळच्या आमच्या गावातून मी रोज सायकलने कुपवाडला यायचो. पहिल्याच आठवड्यात पंक्चर झालं आणि मी दीड तास उशिरा पोचलो. अण्णा मला रागावले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत माझी सायकल उलटी केली आणि म्हणाले, "चाक तुझं, मग पंक्चर दुसऱ्यानं का काढायचं? बस हितं."

दर शनिवारी संध्याकाळी ते कारखान्याच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून पिशवी रिकामी करायचे. एकेक वस्तू हातात घेऊन बघायची, पुसायची आणि परत जागेवर ठेवायची. एक स्पेअर ट्यूब, तीही टाल्कम पावडर लावून घडी केलेली, म्हणजे रबर चिकटत नाही. टायर उचकटायचे दोन लिव्हर. पॅचची डबी, काचपेपरचा तुकडा आणि सोल्युशनची नळी. ती फोडलेली असेल तर महिन्याने टाकून द्यायची, कारण आतलं सोल्युशन वाळतं आणि ते नेमकं रस्त्यावर कळतं. षटकोनी खाचेचे स्क्रू फिरवायच्या एलन कींचा जुडगा, चेन तोडायचं हत्यार, चेनची एक जोडकडी. टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा कापून सपाट केलेला तुकडा... टायर फाटलं तर आतून हा लावायचा, म्हणजे फटीतून ट्यूब बाहेर येत नाही. फ्रेमला हातपंप आणि खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी. मी विचारायचो, "अण्णा, एवढं सगळं एकाच दिवशी बिघडतंय व्हय?" ते म्हणायचे, "एकच बिघडतंय रं. कुठलं ते आधी सांगत न्हाई."

आम्ही कारखान्यातली तीन-चार पोरं रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर जायचो. मी गावाकडून यायचो, बाकीचे कुपवाडहून. तासगाव रस्त्यावर हिरवी जाळी लावलेली एक बेदाण्याची शेड आहे, तिथे आमची गाठ पडायची. अण्णा शेडपर्यंत यायचे, घड्याळ बघायचे आणि साडेसात झाले की वळायचे. वारा पाठीशी असो, पुढे कुणी चहा पाजणार असो, ते वळायचेच. पोरं त्यांना टोमणे मारायची. "अण्णा, हत्यारं काश्मीरची आणि मुक्काम शेडचा." पिशवीच्या कडीला एक पितळी किल्ली असायची. एकाने विचारलं, "तिजोरीची का ओ अण्णा?" ते म्हणाले, "व्हय, तिजोरीचीच." आम्ही हसलो, तेही हसले.

ती किल्ली त्यांच्या घराची होती. अण्णांचं लग्न झालं नव्हतं. नवरा लवकर गेल्यावर माहेरी आलेली त्यांची थोरली बहीण, आक्का, हीच त्यांचं घर. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं होतं. तेव्हा काही वर्षांपासून तिला विसर पडत चालला होता. दार उघडं दिसलं की ती चालत सुटायची, आणि कुठे निघालीस विचारलं की नांदत्या घरी निघाले म्हणायची. एकदा ती मिरजेच्या रस्त्यावर सापडली. कामाच्या दिवशी अण्णा घराबाहेर असताना एक बाई तिच्यापाशी बसायची. रविवारी ती येत नसे. त्या दिवशी आक्का गोळीच्या झोपेत असताना अण्णा साडेसहाला बाहेरून कुलूप लावायचे आणि साडेआठला, ती जागी व्हायच्या आत, परत यायचे. आठवड्यातले तेवढेच दोन तास त्यांचे होते. आपण सख्ख्या बहिणीला कोंडून जातो, याची त्यांना इतकी लाज होती की त्यांनी ते शेजाऱ्यांनाही कळू दिलं नव्हतं. आम्हाला ते एवढंच सांगायचे की घरी आक्का आहे, ती म्हातारी झाली आहे. आम्हाला वाटायचं अण्णांची पिशवी लांब जायची तयारी आहे. ती वेळेवर परत यायची तयारी होती.

हे मला आता ठाऊक आहे. त्या रविवारी ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी माझी सरकारी भरतीची परीक्षा होती, सांगलीच्या एका कॉलेजात. ही माझी तिसरी खेप. वडील पहिल्यांदाच स्पष्ट बोलले होते, "ही शेवटची बघ. न्हाई जमलं तर माझ्यासंगं मळ्यात चल." रविवारची पहिली एसटी कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी सायकलने निघालो. आणि निघताना अण्णांनी मला लावून दिलेली हत्यारांची पिशवी सोडून घरी ठेवली. प्रवेशपत्रावर छापलं होतं की पेन आणि ओळखपत्राशिवाय कोणतीही वस्तू आणू नये. छापलेलं सगळं पाळायचं, अशा शाळेत मी वाढलो. पाने-लिव्हर बघून गेटवर अडवतील, अशी भीती मला वाटली. सायकलची पिशवी सायकललाच राहणार, हे काही डोक्यात आलं नाही.

शेडपाशीच रस्त्यावर फुटलेल्या बाटलीच्या काचा होत्या. मागचं टायर बोटभर फाटलं आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गेट नऊला बंद होणार होतं. दोन गाड्यांना हात केला, थांबलं कुणी नाही. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात प्रवेशपत्राची फाईल, आणि पायाखालचा रस्ता सरळ सांगलीला जाणारा... तरी मला हलता येईना. इतकं अडकल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात समोरून अण्णा आले. त्या दिवशी ते एकटेच होते.

"आरं, तुझी आज परीक्षा न्हवं? पिशवी कुठाय?"

मी प्रवेशपत्रावरचा नियम सांगितला. त्यांनी आपली सायकल स्टँडला लावली. "लय शिकलास गड्या," एवढंच म्हणाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांनी घड्याळ बघितलं हे मला पक्कं आठवतं, कारण तेव्हा ते माझ्यासाठीच बघत आहेत असं मी धरून चाललो होतो. साडेसातला पाच कमी होते.

त्यांनी मला सायकलला हात लावू दिला नाही. "शर्ट खराब करून घिऊ नगंस, चाक तेवढं धर." टायर उचकटून आतून बोट फिरवत त्यांनी काच काढली, टूथपेस्टच्या नळीचा तुकडा बसवला, आपली ट्यूब घातली आणि पंप मारला. सगळ्याला वीस मिनिटं लागली असतील. मग पॅचची डबी, सोल्युशन आणि पंपही माझ्या फाईलच्या पिशवीत टाकला. मी म्हणालो, "अण्णा, आत नेऊ देणार न्हाईत."

"गेटाभाईर झाडाखाली ठेव. हे परीक्षेला न्हाई, रस्त्याला लागतंय. तुझं टायर फाटकं हाय, वाटंत परत बसलं तर?"

"आणि तुमाला?"

"मला काय, मी पोचतोय. तू हो फुडं, माझ्यासाठी थांबू नगंस."

मी निघालो. जोरात पायडल मारत होतो आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नऊला दहा मिनिटं असताना गेटवर पोचलो. पेपर चांगला गेला. तीन महिन्यांनी निकाल लागला तेव्हा वडील तो कागद उलटा-सुलटा करून बघत राहिले.

माझ्यामागे काय झालं, ते अण्णा गेल्यावर शोभावहिनींनी मला त्याच पायरीवर बसून सांगितलं. कवलापूरच्या आसपास अण्णांच्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा गेला. त्यांच्याजवळ ट्यूब नव्हती, पॅच नव्हते, पंपही नव्हता. थोडं अंतर त्यांनी सायकल हातात धरून पळत काढलं, मग ती एका टपरीपाशी टाकली आणि दुधाच्या टेम्पोत बसून आले. पोचायला सव्वानऊ झाले. आक्का साडेआठला जागी झाली होती. दार उघडेना म्हणून आधी ती दार वाजवत राहिली, मग ओरडायला लागली. "मी भाईर हुते, आक्का आत हुत्या, मधी कुलूप," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, आक्का, बसा, अण्णा येत्यालच. त्या म्हणाल्या, कोण अण्णा? मग स्टूल वढल्याचा आवाज आला." आक्का मागच्या खिडकीतून बाहेर पडायला स्टुलावर चढली होती. पडली ती खुब्यावर. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. दारही उघडं राहू लागलं, कारण आता कुलपाची गरजच राहिली नव्हती.

अण्णांनी सायकल सोडली. कारखान्यात सांगितलं, गुडघा धरलाय. मला नोकरी लागल्याचे पेढे घेऊन मी कारखान्यातच गेलो होतो. त्यांनी पेढा खाल्ला, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "ट्यूब टिकली का रं?" मी म्हणालो, "टिकली की." त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीही दिसलं नाही. दिसलं असतं, तर मी काय करणार होतो, हेही मला कळत नाही.

आक्का गेल्या वर्षी गेली. त्यानंतर अण्णांनी निळी सायकल पुन्हा काढली. दोन महिन्यांपूर्वी मी सुट्टीवर आलो तेव्हा आम्ही दोघं रविवारी निघालो. शेडपाशी साडेसात झाले आणि त्यांनी हँडल वळवलं. मी म्हणालो, "अण्णा, आता कसली घाई? चला की तासगावला, चहा घेऊ." ते थांबले. एक पाय जमिनीवर टेकवून तासगावकडच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जमंना झालंय रं. हितनं फुडं गेलं की कानात दार वाजतंय." म्हातारपणाचं काहीतरी बोलतायत असं समजून मी हसलो, आणि आम्ही परत फिरलो. तीच आमची शेवटची भेट.

पिशवी आता साताऱ्याच्या माझ्या खोलीत टेबलावर आहे. दर शनिवारी मी वर्तमानपत्र पसरतो. पॅच, काचपेपर आणि एलन की पुसून जागेवर ठेवतो. पितळी किल्लीही पुसतो. त्या घरात आता कोंडायला कुणी नाही, तरी ती कडीतून काढायला माझा हात जात नाही. आभार मानायला अण्णा नाहीत आणि माफी मागायला आक्का नाही. पिशवीत अगदी तळाशी, पॅचच्या डबीखाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पत्र सापडलं. साताऱ्याला रुजू झाल्यावर मीच ते पाठवलं होतं. फोनवर मला नीट बोलता येईना, म्हणून लिहिलं होतं. घड्यांवर ते फाटायला आलं आहे, म्हणजे अनेकदा उघडलं गेलं असावं. त्याचं उत्तर मला आलं नाही आणि कामाच्या गडबडीत मीही ते विसरून गेलो. जसं होतं तसं देतो.

ती. अण्णांस,

भरतचा सादर नमस्कार. मी सोमवारी कामावर रुजू झालो. खोली मिळाली आहे. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. साहेब चांगले आहेत. बाबांनी कारखान्यातल्या सगळ्यांना नमस्कार सांगितला आहे.

अण्णा, त्या दिवशी तुम्ही भेटला नसता तर मी आज मळ्यात असतो. हे तोंडावर बोलायला जमलं नाही म्हणून लिहितो आहे. तुमच्यासारखी पिशवी मी इथेही सायकलला बांधली आहे. टूथपेस्टच्या नळीसकट सगळं आहे.

एक विनंती आहे. गुडघा बरा झाला की साताऱ्याला या. दोन दिवस काढून या. इथून वाईला जाऊ आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचू. तुमच्याकडे सगळी हत्यारं आहेत आणि तुम्ही शेडपासून मागे वळता, याचं आम्हा पोरांना नेहमी हसू यायचं. या खेपेला वळू नका. आक्कांजवळ दोन दिवस कुणीही बसेल. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आपला,
भरत

ता. क. : लिहिताना एक गोष्ट सुचली. तुम्ही ट्यूब, पॅच, पंप सगळं मला दिलंत. मग तुमच्याजवळ काहीच उरलं नसेल. त्या दिवशी तुम्ही वेळेवर घरी पोचलात ना?