नांग्या भरलेले शेत आणि आमचा डेटाबेस

बीटी कपाशी आमच्या भागात नवी होती, त्या काळात मी बुलढाण्यातल्या एका ठोक बियाणे विक्रेत्याकडे संगणकाचे काम पाहत असे. बियाणे न उगवल्याच्या तक्रारी तिथे तक्त्यांच्या डेटाबेसात भरल्या जात. एका शेताला एक ओळ, आणि त्या ओळीत वाणासाठी एकच रकाना. आमच्याकडचे शेत मात्र असे वागत नाही. पेरलेले उगवले नाही की शेतकरी नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी हाती येईल ते बियाणे टोबतो. कारकून बिचारा शेवटचे वाण लिहून मोकळा होई, आणि पहिली पिशवी दगा देऊन गेली हे कुठेच उरत नसे.

मी एक्सएमएल डेटाबेस सुचवला. त्यात प्रत्येक तक्रार फांद्या फुटलेल्या झाडासारखी अख्खी राहते. आमचा डेटाबेस बनवणारा पुण्याचा अभियंता फोनवर म्हणाला की जास्तीचे तक्ते जोडून हेही जमेल. त्याचे चूक नव्हते. पण दर हंगामात शेतकरी नवे काही करणार आणि आम्ही तक्ते मोडत बसणार, हे मला दिसत होते.

दुकानाचे मालक शेठजी, जुने मुसलमान व्यापारी, हसले. "काऊन हो, साऱ्या दुनियेले तक्ते पुरतात, तुमालेच झाड काऊन पायजे?"

"शेठजी, शेत तक्त्यात मावत नाही."

"बरं, लावा झाड. पण वाळलं, तं तुमाले त्याच्याखालीच बसवीन."

नव्या डेटाबेसाच्या पहिल्याच पावसाळ्यात बियाणे न उगवल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. धाड गावाकडचा एक शेतकरी स्वतः आला. नांग्या भरूनही त्याचे बरेच शेत रिकामे होते. जमिनीत ओल होती तोवर बदली बियाणे मिळाले, तरच त्याचा हंगाम हाती लागणार होता.

कारकून म्हणाला, "दादा, तुमी तं वरून दुसऱ्या कंपनीचं टोबलं. आमचंच खराब होतं कशावरून?"

"मंग काय वावरातल्या रिकाम्या तासाकडं पाहत बसू बे?"

मी त्याचे सांगणे जसेच्या तसे भरले. मग आधी आमचे बियाणे पेरून पुढे नांग्या भराव्या लागलेली सारी शेते शोधली. मागून कुणी काय टोबले, याचा अडसर आला नाही. थेट सुलतानपूरपर्यंतची गावे पडद्यावर उमटली आणि प्रत्येक गावापुढे आमच्या बियाण्याचा तोच एक लॉट, म्हणजे एकाच खेपेचा माल, होता.

शेठजी पडदा पाहून कारकुनाकडे वळले. "याले आत्ताच दुसऱ्या लॉटच्या पिशव्या द्या. अन् त्या साऱ्या गावाईले निरोप धाडा."

तेव्हा वाटलेला अभिमान मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिला. त्यात शहाणपण मिरवण्याची हौस होती का? थोडी होती. पण तो शेतकरी पिशव्या खांद्यावर टाकून, निरोपही न घेता एसटी पकडायला धावला, आणि ओल जायच्या आत त्याने पेरल्याचे पुढे कळले. तेवढ्यावर मी तो अभिमान ठेवून घेतला.