मोटारीच्या जागेवरची काकडी

आईचा सगळा संसार भाड्याच्या घरांत गेला. बँकेतून बाबांची बदली झाली की आधी कुंड्या शेजाऱ्यांना वाटायच्या, मग ट्रंका भरायच्या. त्यामुळे उज्जैनला माधव नगरात स्वतःचं घर झालं, तेव्हा आईला घरापेक्षा पुढच्या जमिनीच्या तुकड्याचं जास्त अप्रूप.

"इथे मी भाजी लावणार," आई म्हणाली.

"इथे गाडी उभी राहणार," बाबा म्हणाले.

ते दिवसच तसे होते. टावर चौकात टांग्या-टेंपोंच्या गर्दीत चकाचक मोटारी दिसायला लागल्या होत्या, आणि बाबांनीही पांढरी मोटार बुक केली होती. अक्षय तृतीयेला ती येणार, त्याआधी अंगणात सिमेंट पडणार. घरात आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी बाबांनी अट घातली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आईनं बायकांपुढे अंगणातली भाजी ठेवली, तर जमीन आईची. नाही तर सिमेंट.

"आणि मेथी-कोथिंबीर धरणार नाही हं! फळ पाहिजे, फळ."

होळी झाली आणि आईनं कुदळ माझ्या हातात दिली. माझी बी.ए.ची परीक्षा तोंडावर, पण ऐकतंय कोण! माळव्याची काळी माती पावसात लोण्यासारखी असेल, फाल्गुनात ती नुसता दगड असते. त्यात घर बांधणाऱ्यांनी पुरून ठेवलेले विटांचे तुकडे. मी खणत होते आणि मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घालत होते. आई मागून ढेकळं फोडायची, दूधवाल्याकडून आणलेलं शेणखत पसरायची आणि होळीची राख चाळून टाकायची. रंगपंचमीचा गुलाबी रंग नखांतून निघायच्या आत आम्ही बिया टोचल्या. एका कडेला काकडी, दुसऱ्या कडेला गिलकी. आमच्या पुण्याच्या मावशीला गिलकी म्हटलेलं कळत नाही, तिला घोसाळं म्हणावं लागतं.

बिया उगवल्या, पण नळाला पाणी एक दिवसाआड. मग आईनं फर्मान काढलं, बाबांनी आंघोळ बाहेर वाफ्याशेजारच्या फरशीवर करायची. सगळं पाणी वेलांना जाईल.

"बँकेत लोक साहेब म्हणतात मला!" बाबा ओरडले.

"म्हणू देत की. आणि साबण नको हं, वेलांना सोसत नाही. बेसन लावा."

बाबा रोज सकाळी पंचा नेसून, अंगाला बेसन चोपडून, रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना "राम-राम" करत आंघोळ करू लागले. मला इतकं हसू यायचं की मी स्वयंपाकघरात पळून जायची. वेल मात्र सुतळीवर भराभर चढले. आंघोळ झाल्यावरही बाबा ओलेत्यानं तिथेच रेंगाळायचे, आणि मी पाहिलं की कडेच्या मोगऱ्याकडे बघतोय असं दाखवायचे.

फुलं आली, पिवळीधमक, दोन्ही वेलांना. पण ऊन असं काही तापलं की बोटाएवढी काकडी धरायची आणि वाळून गळून पडायची. गिलकीला तर तेवढंही नाही. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी मिस्त्री अंगण मापून गेला. "परसों से काम लगा दूँ, बाबूजी?" बाबा काहीतरी पुटपुटले. आईनं त्या दिवशी वरणात दोनदा मीठ घातलं आणि आम्ही निमूट जेवलो. मला फार वाईट वाटत होतं. इतकं मीच खणलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका जमल्या. गौर झोपाळ्यात बसली होती, आंब्याची डाळ, पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे, सगळं होतं. पानात फळाची जागा तेवढी रिकामी. इतक्यात अंगणातल्या नळावर पाय धुणाऱ्या शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो वहिनी, काकडी लागलीये की तुमच्याकडे!"

आम्ही सगळ्या धावलो. खरंच, वेलावर हातभर हिरवीगार काकडी लोंबत होती. काकूंनी जवळ जाऊन पानं चाचपली आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"पण हा तर गिलकीचा वेल!"

काकडीच्या देठाला लाल नाडा बांधलेला होता. मंदिरात मनगटाला बांधतात तो, रंग उडालेला. बाबा तो कधी काढत नसत, बेसन लावतानासुद्धा. आईनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बाबा पेपर वाचत होते, आणि त्यांचं मनगट रिकामं होतं.

बायका हसून हसून लोटपोट झाल्या. आई हसली नाही. तिनं नाडा हलक्या हातानं सोडून कमरेला खोचला, काकडी आत नेली, चिरली आणि गौरीपुढे ठेवून सगळ्यांना वाढली.

बायका गेल्यावर ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"हात पुढे करा."

बाबांनी हात पुढे केला. आईनं नाडा परत बांधला, दोन गाठी मारल्या. तिचे डोळे भरून आले होते.

"काकडीचा वेल त्या कडेला आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नीट बघून बांधा."