पदराचा फाउल

खेळणाऱ्याने कुठले कपडे घालावेत यावरून आमच्या सेंटरमध्ये मागच्या वर्षी बरीच भांडणं झाली, आणि त्यांच्या मुळाशी मी होते. एरवी मी कुठल्या भांडणात नसते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरकते. पण या बाबतीत माझं मत पक्कं आहे. तिथे बोलताना अर्धं पोटातच राहिलं, ते इथे लिहून काढते.

कॅनडातल्या ब्रॅम्पटनमध्ये आमच्या घराजवळ वयस्कर माणसांसाठी हे सेंटर आहे. नात शाळेत जायला लागली, मुलगा-सून कामावर, आणि मग घर खायला उठलं. आमचे हे पत्ते खेळायला तिथे जायचे, त्यांच्यामागून मीही जाऊन खिडकीशी बसायचे. एकदा वॉशरूम शोधत बेसमेंटमध्ये उतरले तर तिथे एक पंजाबी बाई एकटीच पूल खेळत होती. पूल म्हणजे आपला कॅरमच, फक्त मोठा. सोंगट्यांऐवजी रंगीत चेंडू, स्ट्रायकरऐवजी पांढरा चेंडू, आणि बोटाऐवजी लांब काठी. तिने माझ्याकडे बघितलं आणि काठी पुढे केली. "आ जा भैणजी, दीवार के साथ खेल-खेल के थक गई मैं."

माहेरी मी भावांबरोबर कॅरम खेळले होते. चौथीनंतर शाळा सुटली, पण कॅरम लग्नापर्यंत चालू होता. चेंडू कुठे आपटून कुठे जाईल हे मला काठी हातात घेण्याआधीच दिसलं. काठी मात्र महिनाभर ऐकत नव्हती. नंतर ऐकायला लागली. खरं सांगायचं तर मी चांगली खेळते. हे बोलायला लाज वाटते, लिहायला नाही.

मी जन्मभर साडीच नेसत आले. इथल्या थंडीत आत गरम कपडे, पायात मोजे आणि बूट, वर साडी. खेळताना पदर खांद्यावर पिनेने पक्का करायचा आणि उरलेला कमरेला घट्ट खोचायचा. शेतात, चुलीपुढे, धुण्याच्या दगडावर आम्ही सगळ्या बायका असंच काम करत आलो. पंजाबी बाई ओढणीची पाठीमागे गाठ मारायची. आम्हा दोघींचं कापड कधी चेंडूला लागलं नाही.

वसंतात आसपासच्या सेंटर्सची मिळून जोड्यांची स्पर्धा असते. आमच्या जोडीने भराभर सामने जिंकले. आमच्या ह्यांना आधी गंमत वाटली, मग अभिमान वाटायला लागला. त्याच आठवड्यात त्यांचे थोरले भाऊ कोल्हापूरकडून सहा महिन्यांसाठी आले होते. सासरे लवकर गेले, त्यामुळे भाऊजीच माझ्या सासऱ्यांच्या जागी. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी उघड्या डोक्याने गेले नाही, आणि त्यांच्याशी सरळ बोललेही नाही. एका खोलीत बसलो असलो तरी ते ह्यांना म्हणायचे, "तिला म्हणावं, चहात साखर जास्त झालीया." मी ह्यांना म्हणायचे, "सांगा, दुसरा करून देते." माझ्या मुलाला याचं फार हसू यायचं. "बाबा, तुम्ही ट्रान्सलेटर आहात का?"

मी पूल खेळते हे भाऊजींना कोणी सांगितलं नव्हतं. आमचे हे मात्र स्पर्धेच्या दिवशी, मला काही न कळवता, त्यांना घेऊन आले.

आम्ही फायनलच्या दारात होतो. दोन्ही जोड्यांचे चेंडू वेगळे असतात; आमच्या वाटणीचे सगळे भोकात गेले होते, फक्त शेवटचा काळा उरला होता, आणि तो भोकाच्या तोंडाशी होता. तो घातला की सामना आमचा. मी वाकले, काठी टेकवली, आणि समोरच्या दारातून भाऊजी आत आले. पांढरी टोपी, कोट, धोतर. मी विचार केलाच नाही. माझा हात आपोआप कमरेकडे गेला, खोचलेला पदर ओढून काढला आणि डोक्यावर घेतला. पिन सुटली. पदराचं टोक टेबलावरून फिरलं आणि काळा चेंडू भोकाजवळून बाजूला सरकला.

स्पर्धेचा नियम असा की काठीच्या टोकाशिवाय कशाचाही, बाहीचा किंवा केसाचासुद्धा, चेंडूला धक्का लागला की फाउल. समोरची जोडी पांढरा चेंडू पाहिजे तिथे ठेवून खेळणार. त्यांनी तो ठेवला आणि खेळ संपवला.

पंजाबी बाई घोटभर पाणी प्यायली आणि तिने दाराकडे बघितलं. "वो टोपीवाला कौन है?"

"मेरे जेठ."

"अच्छा. मैं समझी, भगवान आ गए."

स्पर्धा भरवणारे गृहस्थ बँकेतून रिटायर झालेले, कॅनडातच जन्मलेले गोरे साहेब होते. नेहमी टापटीप, जाकिटाची सगळी बटणं लावलेली. माणूस वाईट नाही. पण खेळाडूंनी एकसारखे कपडे घालावेत हे त्यांच्या मनात बरीच वर्षं होतं, आणि माझ्या पदराने त्यांना निमित्त मिळालं. त्यांनी भिंतीवर सूचना लावली. पुढच्या स्पर्धेला सर्वांनी काळी पँट, कॉलरचा शर्ट पँटमध्ये खोचून, आणि बंद बूट घालावेत. पक्कं ठरवण्याआधी मीटिंग घेऊ.

सूनबाईने सूचना वाचून मला सांगितली. पंजाबी बाईने ती स्वतः वाचली आणि माझा हात धरून मला कोपऱ्यात नेलं. "भैणजी, तेरे पल्लू के चक्कर में मेरी सलवार भी जाएगी!" ती मोठ्याने हसली, पण मला कळलं की तिला राग आला आहे. ती आयुष्यभर एअरपोर्टच्या किचनमध्ये युनिफॉर्म घालून राबली होती. रिटायर झाली त्या दिवशी तिने तो कचऱ्यात टाकला होता. म्हणाली, काळी पँट पुन्हा घालायची असेल तर मी खेळणार नाही. आणि ती नाही तर मी कोणाबरोबर खेळणार?

सून मायाळू आहे. तिने वाद न घालता पँट आणून दिली. "आई, घालून तर बघा. सगळ्याच घालतात इथे." भाऊजी ह्यांच्याबरोबर फिरायला गेले होते, तेव्हा मी खोलीचं दार लावून ती घातली. पँट वाईट नव्हती. उबदार होती, आणि खिसे तर मला फारच आवडले. बाहेर आले तर नात ओरडली, "आजी, यू लुक सो कूल!" मग मी लाटणं घेऊन डायनिंग टेबलावर नेम धरायला वाकले. वाकले आणि पाठीमागून आपण कशा दिसत असू, एवढंच डोक्यात राहिलं. समोरचं टेबल दिसेनाच. साडीत वाकताना मला साडी आठवतसुद्धा नाही. तेव्हा माझं मत पक्कं झालं. खेळताना अंगावर कपडा आहे हे विसरता आलं पाहिजे. कोणाला तो पँटमध्ये विसरता येतो, कोणाला सलवारीत. सगळ्यांना एकच कपडा घातला म्हणजे सगळे सारखे झाले असं होत नाही. काहींना तो विसरता येतो, काहींना येत नाही, आणि खेळ तिथेच हरला-जिंकला जातो.

त्या संध्याकाळी जेवताना ह्यांनी भाऊजींना सगळं सांगितलं. माझ्या फाउलचं कारण त्यांना तेव्हाच कळलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे माझ्यामुळं हरली व्हय रं?"

"तसं नाही, दादा."

"तसंच हाय की." तरुणपणी त्यांनी तालीम केली होती, अजूनही कुस्तीचं मैदान म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. म्हणाले, "तिला म्हणावं, पैलवान आखाड्यात लंगोटावर उतरतो. बाप बसलेला असतो, सासरा बसलेला असतो. कुणी लाजतंय का? आखाड्यात काय घालायचं ते आखाडा ठरवतो. घाल म्हणावं ती पँट."

ह्यांना ठसका लागला. सून खाली मान घालून हसत होती. भाऊजी माझ्या बाजूने बोलत होते, आणि तरीही मला ते पटत नव्हतं. मी ह्यांच्याकडे वळले, पण ह्यांचा ठसका थांबेना. तेव्हा मी पदर नीट डोक्यावर घेतला आणि सरळ भाऊजींनाच म्हणाले, "लंगोट का घालतात, भाऊजी? धरायला कापड सापडू नये म्हणून ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं असेल. "व्हय."

"मग लंगोट लाल पाहिजे की निळा, हे आखाडा ठरवतो का?"

"न्हाई."

"मग इथेही तेवढंच ठरवायचं. कापड चेंडूला लागता कामा नये. रंग आणि पँट त्यात कुठे आली?"

भाऊजींनी हातातला घास तोंडात घातला, चावला, आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "बोलती की ही! इतकी वर्षं तू कशाला मधी बसलावतास?"

मीटिंगला जाताना मी भाऊजींनाही चला म्हटलं. आता त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही नव्हतं. साहेबांनी आधी आपली बाजू मांडली, पंजाबी बाई मला ती हळूच हिंदीत सांगत होती. मागे एक माणूस बाही फाडलेल्या बनियनवर आला होता आणि त्याच्या छातीवर शिवी छापलेली होती. लोक नातवंडांना घेऊन बघायला येतात. हे त्यांचं अगदी बरोबर होतं, मीही मान हलवली. मग ते म्हणाले, "सैल कपड्यांनी खेळ बिघडतो हे तर आपण पाहिलंच आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. सगळ्यांनी बघितलं मात्र माझ्याकडेच.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते मला माहीत होतं. मी हिंदीत बोलले आणि पंजाबी बाईने त्याचं इंग्रजी केलं. मी म्हटलं, घाणेरडं लिहिलेले आणि फाटके कपडे चालणार नाहीत, असा नियम जरूर करा. दुसरा नियम कापडाचा करा. सामन्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या कपड्यात टेबलावर वाकून दाखवायचं, खाली चेंडू ठेवलेला असेल. कपडा लागला तर बांधा, खोचा, नाही तर बदला. नियम साडीलाही आणि सैल शर्टालाही. पँट घातली म्हणून कोणाला सूट नाही.

मग साहेबांनी विचारलं, आणि विचारलं ते योग्यच होतं. "तुम्ही चाचणी पास व्हाल. पण त्या दिवशीही तुमचा पदर आधी खोचलेलाच होता. पुन्हा तो सुटणार नाही कशावरून?"

मागच्या खुर्चीवर भाऊजी बसले होते आणि माझ्या डोक्यावर पदर होता. मी तो डोक्यावरून खाली घेतला, कमरेला खोचला आणि पिन लावली. भाऊजींकडे बघितलं नाही. साहेबांना म्हटलं, "ज्यांच्यासाठी तो सुटला होता ते आत्ता इथेच बसलेत."

पंजाबी बाईने ते इंग्रजीत सांगितलं, आणि मला वाटतं थोडं वाढवूनच सांगितलं, कारण लोक वळून भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजींना काय चाललंय ते कळत नव्हतं. त्यांनी आपली टोपी सरळ केली आणि सगळ्यांना नमस्कार केला.

पँटचा नियम मताला टाकला आणि तो पडला. वाकून दाखवायची चाचणी ठरली. साहेबांनी ती मनापासून पाळली, पुढच्या स्पर्धेत पहिले स्वतःच वाकले.

ती स्पर्धा दसऱ्याच्या सुमाराला झाली. भाऊजींचं परतीचं तिकीट त्यानंतरचं होतं. ते अगदी पुढे, टेबलाला लागून बसले. पहिल्यांदा वाकताना त्यांची नजर माझ्या डोक्यावर आहे असं मला वाटलं. हात कमरेपर्यंत गेलाही. पदर जागेवर होता, मी त्याला हात लावून तसाच ठेवला आणि मारलं. चेंडू गेला. पुढच्या वेळी भाऊजी आठवले नाहीत. आम्ही दोन सामने जिंकलो आणि तिसऱ्यात हरलो, कारण एक निळा चेंडू मला पातळ, म्हणजे अगदी कडेला, मारायचा होता आणि तो जाड, म्हणजे मधोमध, लागला. नेम चुकला, दुसरं काही नाही. पंजाबी बाई म्हणाली, "चल, हारे तो अपने कपड़ों में हारे."

घरी जाताना गाडीत मी मागे बसले. डोक्यावर पुन्हा पदर घेतला होता. तो मला आवडतो. पुढच्या सीटवरून भाऊजी म्हणाले, "तो निळा कशाला मारला? पिवळा समोर होता की."

"पिवळा आमचा नव्हता, भाऊजी. तुम्ही सहा महिने बघताय, अजून आमचा कुठला ते कळत नाही."

हे गाडी चालवत होते. त्यांना मध्ये काही सांगावं लागलं नाही.