नळाचं गाणं

चांगुणा शाळेत खिचडी शिजवायची आणि हात रिकामे झाले की गाणी रचायची. गाणी हसवणारी, पण ज्याच्यावर असतील त्याला झोंबणारी. यंदा तिच्या लेकीनं, श्रावस्तीनं, मुरुम गावच्या स्टुडिओत तिची पाच गाणी रेकॉर्ड करून घेतली आणि अल्बम यूट्यूबवर टाकला.

सुरुवातीला गाव नुसतं हसत होतं. हॉटेलात, पिठाच्या गिरणीवर, जिथं तिथं एकच गाणं वाजायचं:

‘नळाला घातला हार गं बाई, नळाला घातला हार,
पाणी मागाय गेलं तर म्हणतो, मी पाव्हणा दिस चार.’

गावच्या नळाचं उद्घाटन झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. पाणी कुणी पाहिलं नव्हतं.

मग यूट्यूबवर गाण्याखालचे शेरे बदलले. ‘गावाची बदनामी.’ ‘बाईला आवरा.’ श्रावस्तीनं ते आईला वाचून दाखवायचंच बंद केलं.

एका सकाळी सरपंचाचा पुतण्या रणधीर मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिला. “आबांनी बोलावलंय. आत्ताच.”

चांगुणाच्या नवऱ्याचं, तात्यारावचं, तोंड उतरलं. “आगं, काढून टाक ते. खिचडीचं काम जाईल.”

“बघू,” म्हणत ती चपला घालून निघाली.

सरपंच बब्रुवान आबांच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती. कालपर्यंत तिला थांबवून दाद देणारी शेजारीण ज्ञानेश्वरी कोपऱ्यात खाली मान घालून उभी होती. आबांनी मोबाइलवर गाणं लावलं. पुरं वाजू दिलं.

“यात माझं नाव कुठं हाय?”

“न्हाय, आबा.”

“मग लोक मलाच का हसाय लागल्यात?”

“ते म्या कसं सांगू? हसणाऱ्यास्नी इचारा.”

रणधीर पुढं सरकला. आबांनी हातानं त्याला थोपवलं. “आजच काढायचं. काय?”

“पाणी आलं की काढते, आबा. माझ्याच हातानं.”

तेवढ्यात ओसरीवरून आबांची म्हातारी आई, लक्ष्मीबाई, खणखणीत बोलली, “आगं चांगुणे, नळापुढं नारळ म्या फोडला हुता की! गाण्यात माझं कायच न्हाय?”

आधी एकजण फिसकला, मग सगळं अंगण हसलं. ज्ञानेश्वरीनं पदर तोंडात कोंबला. आबा तेवढे हसले नाहीत. ते उठून आत गेले. चांगुणा सुटली आणि घरी आली.

गाणं राहिलं. सुट्टीनंतर शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा खिचडीला दुसरी बाई लागली होती. कारण कुणी सांगितलं नाही. चांगुणा खुरपणीला जाऊ लागली. मुरुमच्या बायकांनी तिला कार्यक्रमाला बोलावलं, तिथं ती मन भरून गायली.

गावात मात्र एक फरक पडला. ती जवळ आली की बोलणी थांबतात. परवा बांधावर भाकरी खाताना ज्ञानेश्वरीनं हळूच विचारलं, “माझ्यावर काय रचणार न्हाईस न्हवं?”

चांगुणाला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. “न्हाय गं,” ती म्हणाली आणि आपल्यातली अर्धी चटणी तिच्या भाकरीवर ठेवली.