भरलेला दांडा

समुद्रपूरहून आत, नाल्यापलीकडच्या त्या गावात उन्हाळाभर सगळ्या बाजा अंगणात असत आणि मृग लागला की आत जात. चंद्रभानची बाज मात्र बाराही महिने निंबाखाली. बाज होतीही तशी: लांबरुंद, सागाच्या दांड्यांची, अंबाडीच्या दोरीने घट्ट विणलेली. तिच्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, सुपारी कातरून द्यायची, हा चंद्रभानचा आनंद. बाज आत नेली तर गाव माझ्याकडे येईल कशाला, असं तो म्हणायचा.

ऊनपाऊस खाऊन चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचा एका बाजूचा लांब दांडा खुराजवळ, म्हणजे बाजेच्या पायापाशी, कुजला. गावच्या सुताराने, बापूराव वाढईने, बोट दाबून पाहिलं. बोट आत गेलं. हा दांडा बदलावा लागेल, बाभळीचा पाहून ठेवा, एवढं सांगून तो निघाला. पुढच्या महिन्यात तो बिऱ्हाड घेऊन हिंगणघाटला गेला.

चंद्रभान शेतकरी, पण त्याच्या हाताला कामाची हौस. घरात करवत, पटाशी, रंधा, सगळं होतं. एवढ्याशा जागेसाठी अख्खा सागाचा दांडा फेकायचा हे त्याला पटेना. त्याने कुजकं लाकूड कोरायला घेतलं आणि कोरता कोरता पटाशी त्याच्या अंदाजापेक्षा खोल गेली. दांड्याची नुसती साल उरली होती. तिथेच थांबायला हवं होतं. पण काम हातात घेतलं होतं, आणि सकाळपासून दोघेतिघे डोकावून गेले होते.

त्याने सरसात लाकडाचा भुसा मळला, तो पोकळीत ठासून भरला, वाळल्यावर काचकागदाने घासला, गेरू लावला आणि वरून जवसाच्या तेलाचा हात दिला. त्याची बायको वच्छला शेजारी तूर पाखडत होती. तिने सगळं पाहिलं.

काम मात्र असं बेमालूम झालं की चंद्रभान स्वतःच हरखला. आल्यागेल्याला तो म्हणायचा, जोड कुठे आहे ते दाखवा. लोक दांड्यावरून हात फिरवायचे, वाकून बघायचे, कुणाला जोड सापडायचा नाही. आत काय बसवलं, असं एकाने विचारलं तेव्हा सागाचा तुकडा, असं उत्तर त्याच्या तोंडून सहज निघून गेलं. मग तेच उत्तर कायम झालं. काही दिवसांनी त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं असावं.

त्याच वर्षी पोळ्याच्या आधी झड लागली. शेजारच्या नत्थूची बायको कोकिळा पहिलटकरीण. कळा येत होत्या आणि सुटका होत नव्हती. दवाखान्यात न्या, असं सुइणीने पहाटे सांगितलं. काळ्या मातीच्या त्या रस्त्यावर बैलगाडीही चालत नसे. माणूस आजारी पडला की त्याला बाजेवर निजवायचं, चौघांनी बाज खांद्यावर घ्यायची, नाला ओलांडून डांबरी सडकेवर जायचं आणि एसटीची वाट पाहायची, ही गावाची रीतच होती. नत्थूच्या घरच्या बाजेची दोरी लोंबत होती.

"भाऊ, तुमची बाज द्या," तो दारात येऊन म्हणाला.

वच्छला उंबऱ्यात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाची बाज ने, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण काऊन, असं नत्थूने विचारलं असतं, आणि मागे आणखी दोघे उभे होते, ज्यांनी त्या दांड्यावरून हात फिरवला होता. कोकिळा काडीसारखी, नाला तेवढा ओलांडायचा, असं चंद्रभानने मनाशी म्हटलं आणि तो म्हणाला, "घेऊन जा. मी बी येतो."

त्या भरलेल्या कोपऱ्याखाली आपणच खांदा द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. तो चप्पल काढेपर्यंत नत्थू तिथे जाऊन उभा राहिला होता. बायको त्याची, त्याला बाजूला सर असं कोण म्हणणार? चंद्रभान मागच्या बाजूला लागला.

नाल्यात पाणी गुडघ्याइतकं होतं. मधोमध आल्यावर चंद्रभानने कट्ट असा आवाज ऐकला. पावसात तो आणखी कुणी ऐकला नाही. आधी आवाज आला, मग पुढचा कोपरा खाली गेला आणि मग नत्थूचा पाय सरकला. हा क्रम एकट्या चंद्रभानला माहीत होता. बाकीच्यांनी पाहिलं ते एवढंच, की नत्थू पडला, बाज मोडली आणि कोकिळा पाण्यात गेली.

तिला चादरीत घालून सडकेपर्यंत नेलं. ती वाचली. मूल मेलेलं निघालं, आणि पुढे तिला मूल झालं नाही.

गावाने नत्थूला एकही वाईट शब्द ऐकवला नाही. शेवाळच होतं, कुणाचाही पाय सरकला असता, असं म्हणत सगळ्यांनी तो पाय त्याच्याच नावावर लावून दिला. चारचौघांत थट्टा निघाली की, "नत्थू, पाहून चालजो," असं कुणीतरी बोलून जायचं, आणि मग दुसरं कुणी घाईने विषय बदलायचं.

पाणी ओसरल्यावर चंद्रभानने मोडका दांडा उचलून आणला आणि तोडून चुलीपाशी ठेवला.

"ते लाकूड माह्या चुलीत नोका घालू," वच्छला म्हणाली. "नत्थूले सांगा. लेकरू तं गेलं, पण त्याच्या मनावरचं तं उतरन."

"सांगतो."

दिवाळी झाली, की सांगतो. कापूस घरी आला, की सांगतो. दोनतीन वर्षं ती विचारत राहिली. मग तिने विचारणं सोडलं आणि त्यासोबत नवऱ्याशी बोलणंही कामापुरतंच ठेवलं.

नत्थूने त्यानंतर कुणाला खांदा दिला नाही. गावात मयत झालं की तो हातात गोवऱ्या घेऊन मागे चालायचा. त्याचा स्वतःचा बाप गेला तेव्हा तिरडीच्या पुढच्या खांद्याला चुलतभाऊ लागला. त्या दिवशी, सांगायचं तर आताच, असं चंद्रभानला वाटलं होतं. तो नत्थूपर्यंत गेलाही. नत्थू त्याच्या गळ्यात पडून रडला, आणि गोष्ट तिथेच राहिली.

चंद्रभानने आणखी एक केलं. गावातल्या बाजा तो फुकट दुरुस्त करू लागला. कुणाची बाज, कुणाच्या अंगणातलं बाकडं, देवळापुढची लाकडी बैठक. कुजकं दिसलं की तो भरत नसे. दांडा काढून नवा घालायचा, लाकूडही पुष्कळदा घरचंच. लोक त्याला चंद्रभानजी म्हणू लागले. देवमाणूस, असंही म्हणू लागले. जितकं नाव वाढलं, तितकं सांगणं अवघड होत गेलं, आणि सांगणं अवघड झालं म्हणून तो आणखी बाजा दुरुस्त करत गेला.

शहाऐंशी साली होळीनंतर नत्थूजी आपली बाज डोक्यावर घेऊन आला. केस पांढरे झालेले, चाल अजून पाय चाचपत टाकल्यासारखी. कोकिळाची कंबर धरली होती, तिला खाली निजवत नव्हतं, आणि बाजेचा दांडा खुराजवळ मऊ झाला होता.

चंद्रभानने दांडा पाहिला आणि बाभळीचा नवा काढायला तो उठला.

"एवढ्याशासाठी नवा काऊन?" नत्थूजी म्हणाला. "भरून टाका ना भाऊ. तुमचं भरलेलं तं दिसत बी नाई."

"भरलेलं लाकूड वजन घेत नाई, नत्थू."

"घेत कसं नाई? तुमच्या त्या बाजेनं घेतलंच असतं." तो जमिनीकडे पाहत, सवयीचं बोलावं तसं बोलला. "माहाच पाय सरकला. चांगली बाज मोडली तुमची, अन् तुमी मले कधी एका शब्दानं बोलले नाई. हे मी मरेपर्यंत विसरत नाई, भाऊ."

वच्छला दारात आली होती. नऊदहा वर्षांत पहिल्यांदाच तिने नवऱ्याच्या तोंडाकडे थेट पाहिलं आणि ती वाट बघत उभी राहिली.

चंद्रभानने ओठ ओले केले. हातातला दांडा त्याने एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला.

"हे टोक धर," तो म्हणाला. "हालू देऊ नको."

वच्छला आत गेली.

दुपारपर्यंत बाज तयार झाली. चंद्रभानने तिच्यावर स्वतः उभं राहून पाहिलं, चारही कोपऱ्यांवर. दांडा जागचा हलला नाही. नत्थूजीने त्याला वाकून नमस्कार केला, बाज डोक्यावर घेतली आणि तो फाटकाबाहेर पडला. पलीकडच्या अंगणातून कोकिळाचा आवाज आला. त्यात राग उरलेला नव्हता. रोज सांजेला दिवा लावावा, तसं ती ते म्हणायची.

"पाहून पाय टाका."

"टाकतो वं," नत्थूजी म्हणाला.