मृणालताईंच्या गाडीची रोजची पाच मिनिटे

किहीमच्या बंगल्याची राखण धर्मा अठरा वर्षे करीत होता. मालकीण मृणालताई निवृत्त सर्जन. महिना-दोन महिन्यांनी मुंबईहून येत. साठी उलटल्यावर त्यांनी हौसेने स्पोर्ट्स कार घेतली, तीही दोन वर्षे थांबून. त्या गाडीच्या आधीच्या इंजिनाची साखळी सैल पडते, ते तेल पिते, अशी ओरड होती. कंपनीने इंजिन मुळापासून नव्याने घडवले आणि दहा वर्षे निर्धास्त राहा, असे चकचकीत कागदावर छापले. आश्वासन छापायला कागदाखेरीज काही लागत नाही, हे आपल्याला दर खेपेस नव्याने कळते.

धर्माची भिस्त त्या कागदावर नव्हती. तो मिठागरवाल्याचा मुलगा. खारा वारा लोखंडाचे काय करतो, ते त्याने बापाच्या फावड्यांवर पाहिले होते. रोज सकाळी तो गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बंगल्यातच उभी असलेली गाडी पुसे आणि इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करी. ही शिस्त तो पूर्वी ट्रक चालवायचा, त्या दिवसांतली. रोज सुरू केला नाही, तर तो जुना ट्रक चौथ्या दिवशी धक्का मागे. बायको मैना म्हणे, "माझी तब्येत कधी येवढ्या मायेनं पुसली न्हाय." तो नुसता हसे.

गाडी घेतल्यापासून आठव्या महिन्यात तिच्यात इशाऱ्याचा दिवा लागला. कंपनीची इंजिनियर विनिता तपासायला आली. तिने तेल काढले, तर ते ताकासारखे पांढुरके. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले, की आतल्या वाफेचे पाणी होते आणि तेलात मिसळते, असे तिने समजावले. मग विचारले, गाडी रोज थोडा वेळ कुणी सुरू करते का?

धर्माने नुसते 'नाही' म्हटले असते, तर दोष इंजिनावर गेला असता, दुरुस्ती हमीत झाली असती आणि त्याची नोकरीही टिकली असती. पण जीभ तिकडे वळेना.

"मीच करायचो, म्याडम. रोज. ताईंनी सांगितलं नव्हतं, माझ्या मनानं."

विनिताचे पेन थबकले. या इंजिनाच्या चाचण्या लाखो किलोमीटर पळवून घेतल्या, ती हळूच म्हणाली. दमट हवेत महिनाभर उभे ठेवून एकही घेतली नाही. गाडीच्या पुस्तिकेतही याबद्दल अवाक्षर नव्हते. धर्माची चूक आणि कंपनीची, तिने दोन्ही अहवालात लिहिल्या. तेल दोनदा बदलले. आतले भाग सुदैवाने शाबूत निघाले. आठवड्यातून एकदा गाडी चांगली तापेपर्यंत पळवा, असे बजावून ती गेली.

अहवाल पोचण्याआधी धर्माने स्वतः मृणालताईंना फोन केला. सगळे सांगितले, आणि बंगल्याच्या चाव्या कुणाकडे ठेवू, असेही विचारले. त्यांनी उलटच विचारले,

"गाडी कधी फाटकाबाहेर नेलीस का रे?"

"न्हाय, ताई. तुमची गाडी ती."

"मग शनिवारी ने. दहाच्या बोटीला मांडव्याला मला घ्यायला ये."

शनिवारी धक्क्यावर मृणालताई आल्या, तेव्हा धर्मा चावी पुढे करून उभा होता. त्यांनी ती घेतली नाही. पिशवी मांडीवर घेऊन त्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या.