शांत सूर्य आणि वालावलची होडी

सूर्याचा श्वास मोजणं ही मानवी बुद्धीची परिसीमा आहे, असं आमच्या सूर्ययानाच्या उड्डाणाच्या समारंभात एक पाहुणे म्हणाले होते. मी ती परिसीमा वालावलच्या आमच्या घराच्या पडवीत, लॅपटॉपखाली पाट ठेवून गाठत होते. रजेवर.

बाबांना वर्षभर एकच सांगत आले होते: सूर्य शांत झाला की येईन, मग होडीतून खाडीत जाऊ. पूर्वी जायचो तसं. बाबांचे गुडघे आता कुरकुरतात.

"झालो मा शांत तुझो सूर्य? मगे चल."

शांत म्हणजे डाग नाहीत, वादळं नाहीत. सूर्यावरून कणांचा वारा तेव्हाही सुटतोच. त्यात बहुतेक प्रोटॉन, थोडं हेलियम. यानावरचं आमचं उपकरण ते वेगवेगळं मोजतं. आणि नेमकं हेलियम घटत चाललं होतं.

आमच्या प्रकल्पप्रमुख सरांचा फोन आला. "उपकरणातला डिटेक्टर म्हातारा झालाय, कण निसटतायत. व्होल्टेज वाढवू या."

"सर, त्यानं त्याचं आयुष्य कमी होईल. शांत काळात मंद वाऱ्यातलं हेलियम घटतंच. वेगवान वाऱ्यात फारसं घटत नाही. तो येऊ दे. त्यातही कमी दिसलं, तर दोष डिटेक्टरचा."

"कधी येणार तो?"

"सूर्यावरच्या एका काळसर भागातून येतो. तो भाग आपल्याकडे वळतोय. तीन-चार दिवस."

"मग लक्ष ठेवा. हलू नका."

बाबा रोज होडीत जायच्या तयारीनं धुतलेला सदरा घालून पडवीत येत.

"इलो काय गो वारो?"

"नाय, बाबा."

"पगार घेवन वाऱ्याची वाट बघणारा माणूस माका घरातच गावला!"

मग सदरा परत खुंटीला.

दुपारी खाडी भरली की माडांमधून पाणी चमकायचं. लहानपणी बाबा वल्हं मारत आणि मी पाण्यात हात सोडून बसे. तोच हात आता माउसवर होता.

रजेच्या शेवटच्या सकाळी वारा आला. हेलियम भरपूर. डिटेक्टर ठणठणीत.

"छान," सर म्हणाले. "म्हणजे सूर्यच कमी देत होता. काही करायचं नाही."

काही करायचं नाही, हे ठरवायला बरंच काम लागतं.

मी बाबांना हाक मारली. सदरा अंगातच होता. काठावर पोचलो तर ओहोटी. होडी चिखलात बसलेली. बाबांना हे माहीत असणारच. तरी ते आले होते.

"भरती सांजेक येतली," ते म्हणाले.

कुडाळहून माझी गाडी दुपारची होती.